वायगावची

सकाळी सहाला गाडीखाली ओल होती, तव्याएवढी.
मे महिना. साडेसहाला फरशीनं ती पिऊन टाकली,
पण मी पाहिली होती.

गेले आठ दिवस मानेवाड्याहून मेडिकल चौकात जाताना
काटा लाल पट्टीत, बाहेर पंचेचाळीस,
आणि मी हीटर लावून, काचा खाली करून बसलेली.
इंजिनाची आग आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे ते तगतं,
हे टेंभुर्णे सरांनीच शिकवलं होतं गाडी विकताना.
गळतीचं नव्हते बोलले.

सुखदेवे काका फाटकावर हात टेकून उभे.
"काहून करून राहिली व बाप्पा घरी?
मोमीनपुऱ्यात दे, दोन घंट्यात करून देते थो."
देतो. पण पगाराला अकरा दिवस होते
आणि हे काकांना सांगायचं नव्हतं.

इंजिन रात्रभर थंड झालेलं,
म्हणजे कोमट. इथे मेमध्ये याहून थंड काही नसतं.
खालच्या होसची क्लिप गंजलेली, अंगठा कापला.
परातीत पाणी पडलं ते पिवळं.
मला गंज वाटला.
आई खाटेवरून उठली, वाकली, वास घेतला.
"हळद आहे."
पुन्हा घेतला. "वायगावची."

म्हणजे सर.
तीस वर्षं त्रैराशिक शिकवलेला माणूस
रेडिएटरचं झाकण उघडून चमच्यानं हळद घालत होता,
आणि माझे पैसे दोनदा मोजत होता.
राग यायला हवा होता.
आलाही, पाना शोधेपर्यंत.

भोक शोधायला टाकी हवी. घरात टाकी एकच, कूलरची.
पंप उचलला, ताट्या भिंतीला लावल्या,
आईच्या डोक्यावर ओला पंचा.
ती काही बोलली नाही, हे बोलण्यापेक्षा वाईट.
वरच्या तोंडात लाकडी गुट्टी, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून,
खालच्या तोंडात निषादचा हवेचा पंप.
मार. काही नाही. मार.
अजून काही नाही, नुसती हळद तरंगतेय.
मार रे.
आणि डावीकडून तिसऱ्या नळीच्या मुळातून
बुडबुडे, बारीक, एकामागे एक,
कसलीच घाई नसलेले.
निषाद असा ओरडला की शेजारची पोरं भिंतीवर चढली.

पॉलिश पेपरनं घासलं. काळं गेलं
आणि खाली डाख निघाला.
जुना, जाडा, वाकडा, कडेला ओघळलेला.
दुकानातला माणूस इतकं कथील वाया घालवत नाही.
हा घरी लावलेला, हात थरथरत,
बहुतेक असाच उकिडवं बसून.
सर, तुमच्याही पगाराला तेव्हा
किती दिवस होते?

काका फाटकावरून गेले. वाटलं, कंटाळले.
परत आले तर हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला खय्या,
तांब्याचं टोक, मूठ जळून काळी.
"बाबाचा आहे. इतवारीत डबे जोडे."
स्वयंपाकाच्या गॅसवर तो हिरवी ज्योत येईस्तोवर तापवला,
नवसागरावर घासला, पांढरा धूर,
आई खोकली, काका खोकले,
आणि कथील एकदम पाणी झालं.
सरांचा डाख मी खरवडला नव्हता.
नवा त्याच्या अंगावरच बसला, त्याच्यात मिसळला.
कुठे तो संपतो नि कुठे मी सुरू, आता दिसत नाही.

आधी कूलर भरला. नंतर गाडी.
रात्री अकराला मानेवाडा रिंग रोडवर एक फेरी मारली,
काटा मध्यावर,
निषाद दर चौकात विचारतो, अजून मध्यावरच आहे?
परातीत कोरडा कागद घालून गाडीखाली सरकवली.

सकाळी कागदावर एक थेंब.
एकच. होसचा असेल, क्लिपचा असेल,
मी उकिडवी बसून बघत राहिले
आणि मागून आईचा आवाज आला,
"घालू का चमचाभर?"
डबा तिनं उघडलाच होता.